कोणता चहा, कोणत्या वेळी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चहाविषयी येणारे बहुतेक प्रश्न डब्यावरच्या नावाबद्दल असतात. अमुक चहा रात्री चालेल का, तमुक चहा कडू का लागतो, असे. उत्तर मात्र बऱ्याचदा नावात नसतं. पत्ती किती घेतली, पाणी किती गरम होतं आणि पत्ती त्यात किती वेळ राहिली, इथे ते सापडतं. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. सुरुवातीला ओळख, मग करण्याची पद्धत आणि वेळा, शेवटी अडचणीचे आणि अपवादाचे प्रश्न असा क्रम ठेवला आहे.

१. ग्रीन टी, ब्लॅक टी, व्हाइट टी ही वेगवेगळ्या झाडांची पानं असतात का?

नाही. सगळी एकाच झाडाची, कॅमेलिया सायनेन्सिसची. या झाडाच्या दोन मुख्य जाती आहेत, बारीक पानांची चिनी आणि रुंद पानांची आसामी. पण हिरवा की काळा हे जातीवर ठरत नाही, पान खुडल्यानंतर त्याचं काय केलं यावर ठरतं.

चिरलेलं वांगं उघडं ठेवलं की काळं पडतं. चहाच्या पानातही तेच होतं. पान चुरगळलं की त्यातली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने पानाचा रंग, वास आणि चव बदलायला लागतात. खुडल्यावर लगेच उष्णता देऊन हा बदल थांबवला की ग्रीन टी. जपानमध्ये त्यासाठी पानं वाफवतात, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी तापलेल्या कढईत परततात. पान मळून बदल पूर्ण होऊ दिला की ब्लॅक टी. अर्ध्या वाटेवर थांबवला की उलाँग. व्हाइट टीमध्ये कोवळ्या कळ्या आणि पानं नुसती सुकवतात, मळत नाहीत. यलो टी दुर्मीळ. त्यात उष्णता दिलेली ओलसर पानं काही काळ गुंडाळून ठेवतात, त्यामुळे ग्रीन टीचा हिरवट कच्चेपणा जातो.

२. मग काळा चहा आंबवलेला असतो असं का म्हणतात?

चहाच्या धंद्यात या क्रियेला फर्मेंटेशन म्हणण्याची जुनी सवय आहे, पण हे आंबणं नव्हे. त्यात जंतूंचा भाग नसतो, पानातली विकरं आणि हवा एवढंच काम करतात. खरोखर आंबवलेला चहा म्हणजे चीनच्या युनान प्रांतातला पु-एर आणि त्याच्या जातकुळीतले चहा. पु-एरचे दोन प्रकार आहेत. कच्चा पु-एर वर्षानुवर्षं सावकाश मुरतो. पिकवलेल्या पु-एरमध्ये ओलसर पानांचे ढीग लावून तेच काम काही आठवड्यांत करून घेतात. ही ढिगाची पद्धत कुनमिंगच्या चहा कारखान्यात १९७३च्या सुमारास बसवली गेली. पिकवलेल्या पु-एरला पावसानंतरच्या ओल्या मातीचा वास असतो. पहिल्या घोटाला तो दचकवतो. तिसऱ्या-चौथ्या कपापर्यंत धीर धरावा.

३. गवती चहा, कॅमोमाइल, रूइबॉस हे चहा नाहीत का?

नाव चहाचं, झाड वेगळं. गवती चहा हे गवत आहे, कॅमोमाइल ही फुलं, रूइबॉस हे दक्षिण आफ्रिकेच्या सेडरबर्ग डोंगराळ भागातलं झुडूप. हिबिस्कस टी म्हणून मिळतो तो लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो. पुदिना आणि आलं ओळखीचंच आहे. या कशातही कॅफिन नसतं, म्हणून रात्रीसाठी हीच मंडळी उपयोगी (प्रश्न १२ पाहा). एक अपवाद लक्षात ठेवा. दक्षिण अमेरिकेतला येर्बा माते वनस्पतींच्या चहांच्या रांगेत ठेवलेला दिसतो, पण त्यात कॅफिन असतं, आणि चांगलंच असतं.

४. सीटीसी आणि ऑर्थोडॉक्स यांत फरक काय? डस्ट म्हणजे कचरा का?

ऑर्थोडॉक्स चहात पान मळून वळवलेलं असतं, त्यामुळे पत्ती लांबट आणि पीळदार दिसते. सीटीसीमध्ये पान दातेरी रुळांमधून जातं. तिथे ते चिरडलं, फाडलं आणि गोळ्यांसारखं वळवलं जातं. ही यंत्रपद्धत १९३०च्या दशकात आसामात आली. दाणा बारीक असल्याने पाण्यात पटकन रंग सोडतो आणि दूध घातल्यावरही चव दबत नाही. ऑर्थोडॉक्स पत्ती सावकाश उलगडते. ती कोरी प्यावी, दुधात तिचा सुगंध हरवतो.

डस्ट म्हणजे कचरा नव्हे. चाळणीतून वेगळा केलेला सर्वांत बारीक आकार, एवढाच त्याचा अर्थ. पत्तीवरची ओपी, बीओपी ही अक्षरंही पानाचा आकार आणि ते अख्खं की तुटलेलं एवढंच सांगतात. चव चांगली आहे की नाही हे त्यातून कळत नाही.

५. फर्स्ट फ्लश, सेकंड फ्लश हे काय प्रकरण आहे?

फ्लश म्हणजे नव्या पालवीचा बहर. दार्जिलिंगमध्ये थंडीनंतरचा पहिला बहर साधारण मार्च-एप्रिलमध्ये खुडतात. हा चहा रंगाने फिका, फुलांच्या वासाचा आणि थोडा हिरवट असतो. नाव ब्लॅक टी असलं तरी त्याचं पान पूर्ण काळं झालेलं नसतं, म्हणून त्याला उकळतं पाणी सोसत नाही. ८५ ते ९० अंश पुरे. मे-जूनचा दुसरा बहर तांबूस आणि भरीव. त्यात मस्कॅटेल म्हणतात तो पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. या वासाला तुडतुड्यांसारख्या बारीक किडींचाही हातभार लागतो. पानाला चावा बसला की झाड स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्यं बनवतं, त्यांतून हा गंध येतो.

पहिला बहर दुपारी, सोबत काही न खाता, शांतपणे घेण्यासारखा. दुसरा बहर न्याहारीबरोबरही टिकतो. आसामचा दुसरा बहर त्याहून दणकट, माल्टच्या चवीचा. ज्यांना सकाळी जाग आणणारा चहा लागतो त्यांनी आधी तो घेऊन पाहावा. निलगिरीचा चहा कोरा प्यायला सौम्य आणि थंड करून प्यायला फार चांगला (प्रश्न १७ पाहा).

६. उलाँग नेमका कसा असतो? ग्रीन आणि ब्लॅक यांच्या मधला म्हणजे काय?

‘मधला’ म्हटल्याने हा चहा एका चवीचा वाटतो. प्रत्यक्षात सर्वांत मोठा पल्ला याच प्रकारात आहे. एका टोकाला तैवानच्या उंच डोंगरांवरचे हिरवट, लोण्यासारखे मऊ उलाँग, दुसऱ्या टोकाला फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरातले भाजके, जवळजवळ काळे उलाँग. मधे तिएगुआनयिन, जो कारखान्यागणिक हलका किंवा भाजका मिळतो. तैवानचा ‘ओरिएंटल ब्यूटी’ तर तुडतुड्यांनी चावलेल्या पानांचाच करतात.

हा चहा काचेच्या भांड्यात एकदा तरी करून पाहा. गोळी केलेल्या उलाँगचा दाणा मिरीपेक्षा थोडा मोठा असतो. पहिलं पाणी घातल्यावर तो नुसता फुगतो आणि पाणी फिकट सोनेरी होतं. दुसऱ्या पाण्याला कडा सुटतात. तिसऱ्या पाण्यापर्यंत देठासकट अख्खं पान उलगडून पसरतं आणि त्याच्या कडा लालसर, मधला भाग हिरवा दिसतो. अर्धवट बदल म्हणजे काय ते तिथे डोळ्यांनी कळतं. कडा मुद्दाम घासून घासून बदललेल्या असतात.

करण्याच्या दोन पद्धती आहेत. मोठ्या कपात २०० मिलिलिटरला ३ ग्रॅम पत्ती, ९० ते ९५ अंशांचं पाणी, ३ मिनिटं. किंवा लहान भांड्यात १०० मिलिलिटरला ५ ते ६ ग्रॅम पत्ती आणि २० ते ३० सेकंदांची पाच-सहा पाणी, प्रत्येक वेळी थोडा वेळ वाढवत. दुसरी पद्धत मला जास्त पटते, कारण प्रत्येक पाण्याची चव वेगळी येते. वेळ मात्र हाताशी हवा. दुपारच्या जेवणानंतर तास-दीड तासाने, घाई नसताना.

७. कोणत्या चहाला किती गरम पाणी आणि किती वेळ?

सुरुवात २०० मिलिलिटर पाण्याला २ ते अडीच ग्रॅम पत्ती अशी करा. काळ्या चहाला ९५ ते १०० अंश आणि ३ ते ४ मिनिटं. पु-एरला खळखळ उकळतं पाणी. ग्रीन टीला ७० ते ८० अंश आणि १ ते २ मिनिटं. सावलीत वाढवलेल्या ग्योकुरो या जपानी ग्रीन टीला तर ५० ते ६० अंशच. व्हाइट टीला ८० अंशांच्या आसपास आणि ४-५ मिनिटं. फुलं, मुळं, साली यांना उकळतं पाणी घालून ५ ते १० मिनिटं झाकण ठेवा, नाहीतर सुगंध वाफेबरोबर निघून जातो.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतलं की साधारण ८ ते १० अंश उतरतं. ग्रीन टीसाठी दोन-तीनदा ओता. उंच डोंगरावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं, त्यामुळे तिथे काळा चहा फिका उतरतो. पत्ती किंवा वेळ वाढवावी.

८. ग्रीन टी इतका कडू का लागतो? तो कडूच असतो का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच असेल. बहुतेक वेळा पाणी जास्त गरम असतं आणि पत्ती जास्त वेळ बुडालेली असते. तुरटपणा आणणारी कॅटेचिनं आणि कडवटपणा आणणारं कॅफिन गरम पाण्यात भराभर उतरतात. चवीला गोडसर आणि भरदार करणारी अमिनो आम्लं मात्र कोमट पाण्यातही येतात. पाणी थोडं निवलेलं असलं की चांगला भाग येतो, तुरट भाग मागे राहतो.

घरी करून पाहण्यासारखं आहे. एकाच डब्यातली २-२ ग्रॅम पत्ती दोन कपांत घ्या. एकात उकळतं पाणी घालून ५ मिनिटं ठेवा, दुसऱ्यात ७५ अंशांचं पाणी दीड मिनिट. पहिला कप पिवळट-तपकिरी आणि जीभ ओढणारा, दुसरा फिकट हिरवा आणि थोडा गोड. ग्रीन टी आवडत नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी फक्त पहिलाच कप प्यायलेला असतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन्ही नीट करूनही कडूच लागला, तर पत्ती जुनी झालेली असेल (प्रश्न १८ पाहा).

९. सकाळी उठल्याउठल्या कोणता चहा घ्यावा?

काळा चहा. आसाम किंवा त्याच्या तोडीचा. पण अगदी रिकाम्या पोटी जपून. कोऱ्या चहातली, विशेषतः ग्रीन टीमधली तुरट द्रव्यं रिकाम्या पोटी अनेकांना मळमळ आणि जळजळ देतात. आधी पाणी प्या, दोन घास खा आणि मग चहा घ्या. पित्ताचा त्रास असेल तर सकाळचा पहिला चहा सौम्यच असू द्या. वजन उतरेल म्हणून उपाशीपोटी ग्रीन टी ढोसण्यात काहीच शहाणपण नाही (प्रश्न २२ पाहा).

१०. कोणत्या चहात किती कॅफिन असतं?

२४० मिलिलिटरच्या कपामागे साधारण हिशेब असा. काळा चहा ४७ मिलिग्रॅम, ग्रीन टी २८, गाळलेली कॉफी ९५ च्या आसपास. उलाँग बहुधा काळ्या आणि हिरव्याच्या मधे येतो. माचा या जपानी चहात पान दळून अख्खं पोटात जातं, त्यामुळे २ ग्रॅम पुडीत ४० ते ८० मिलिग्रॅम असू शकतं.

हे आकडे ढोबळ आहेत, कारण करणाऱ्याचा हात त्यात मोठा असतो. बारीक दाणा पाच मिनिटं उकळला तर कॅफिन जास्त उतरणार, मोठी पत्ती दीड मिनिट भिजवली तर कमी. व्हाइट टीमध्ये कॅफिन सर्वांत कमी असतं हे ठामपणे सांगितलं जातं, पण तसा नियम नाही. कॅफिन हे झाडाचं किडींपासूनचं संरक्षण आहे आणि ते कोवळ्या कळ्यांत जास्त असतं. निव्वळ कळ्यांचा ‘सिल्व्हर नीडल’ जास्त वेळ मुरवला तर तो काही ग्रीन टींना मागे टाकेल.

निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलं जातं. त्यात कॉफी, कोला, चॉकलेट सगळं धरायचं.

११. कामाला किंवा अभ्यासाला बसताना कोणता चहा चांगला?

सावलीत वाढवलेला जपानी चहा, म्हणजे ग्योकुरो किंवा माचा. ग्योकुरोची झाडं खुडणीआधी साधारण वीस दिवस झाकून ठेवतात. ऊन कमी मिळालं की पानात थिॲनिन हे अमिनो आम्ल टिकून राहतं, उन्हात त्याचं कॅटेचिनांत रूपांतर होतं. थिॲनिन आणि कॅफिन एकत्र आले की लक्ष टिकतं आणि नुसत्या कॅफिनची धडधड कमी जाणवते, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. कॅफिनचा अंमल साधारण अर्ध्या ते एका तासात पूर्ण चढतो. म्हणजे परीक्षेच्या किंवा बैठकीच्या दारात उभं राहून चहा घेण्यापेक्षा अर्धा-पाऊण तास आधी घेतलेला बरा.

१२. दिवसातला शेवटचा चहा किती वाजता घ्यावा? आणि रात्री प्यायचं झालं तर काय?

घेतलेलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी ६ ला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री ११ लाही अंगात असतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून जास्त कमी केली होती. एका कप चहात एवढं नसतं हे खरं, पण झोपेची तक्रार असणाऱ्यांनी दुपारी ३ नंतरचा चहा पंधरा दिवस सोडून पाहावा. फरक पडला तर कारण सापडलं. ज्यांना रात्री दहाला कडक चहा पिऊनही झोप लागते, त्यांच्या शरीरातून कॅफिन बहुधा लवकर बाहेर पडत असतं. त्यांचा दाखला इतरांना लागू नाही.

रात्रीसाठी रूइबॉस मला सर्वांत समाधान देणारा वाटतो. रंग तांबडा, अंग भरीव, दूधही चालतं आणि दहा मिनिटं विसरला तरी कडू होत नाही. कॅमोमाइल हलका, थोडा सफरचंदाच्या वासाचा. मात्र शेवंती-झेंडूच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो टाळावा. जेवणानंतर पुदिना बरा वाटतो, पण घशाशी आंबट येण्याचा त्रास असेल तर पुदिन्याने तो वाढू शकतो. जपानी होजिचा भाजलेल्या पानांचा आणि देठांचा असतो. त्यात कॅफिन कमी असतं, शून्य नसतं. संध्याकाळी उत्तम, झोपायच्या आधी नको.

१३. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला तर चालतो का?

ज्यांच्या रक्तात लोह पुरेसं आहे त्यांना फार फरक पडत नाही. ज्यांना रक्तक्षय आहे, ज्या स्त्रियांना मासिक स्राव जास्त होतो, जे शाकाहारी आहेत, गरोदर बायका आणि वाढत्या वयाची मुलं यांनी मात्र जेवणाबरोबर चहा घेऊ नये. चहातली तुरट द्रव्यं पालेभाज्या, डाळी, धान्यं यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि त्याचं शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं. चहा जेवणानंतर तासाभराने घेतला तर हा परिणाम पुष्कळ कमी होतो. लोहाच्या गोळीलाही हेच लागू. दूध घातलं म्हणून ही अडचण सुटत नाही.

१४. पहिलं पाणी टाकून दिलं की कॅफिन निघून जातं हे खरं का?

नाही. ३० सेकंदांच्या धुण्यात कॅफिनचा थोडाच भाग जातो, सुगंध मात्र बराच जातो. पु-एर आणि गोळी केलेल्या उलाँगचं पहिलं पाणी टाकतात ते पत्ती धुऊन सैल करण्यासाठी. कॅफिन खरंच टाळायचं असेल तर डिकॅफ घ्या. त्यातही किंचित उरतं, पण कपामागे काही मिलिग्रॅमच. कार्बन डायऑक्साइडने काढलेला डिकॅफ चवीला त्यातल्या त्यात बरा टिकतो.

१५. कोणत्या चहात दूध घालावं? आलं घातल्यावर दूध कधीकधी फाटतं ते का?

दूध सीटीसी आणि आसामसारख्या दणकट काळ्या चहांना शोभतं, कारण दुधातलं केसीन तुरट द्रव्यांना बांधून चव गोल करतं. ग्रीन, व्हाइट, दार्जिलिंगचा पहिला बहर यांत ते घालू नये. तिथे दुधाने वासच दबतो.

ताज्या आल्यात दुधाची प्रथिनं तोडणारं विकर असतं, म्हणून दूध फाटतं. उकळीने ते निकामी होतं. आलं आधी पाण्यात टाका, दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू द्या, मग पत्ती आणि शेवटी दूध. दुधात थेट आलं किसून मग आच लावली की फाटण्याची शक्यता वाढते. अंबाडीच्या चहात दूध कधीच नको, तो आंबट असल्याने दूध फाटणारच.

१६. जास्मिन टी, अर्ल ग्रे यांत वास कृत्रिम असतो का?

स्वस्तात बऱ्याचदा असतो. खऱ्या जास्मिन टीमधलं फूल म्हणजे आपला मोगरा. कळ्या दिवसा खुडतात, रात्री त्या उमलायला लागल्या की ग्रीन टीच्या थरांत मिसळून ठेवतात. पत्ती वास ओढून घेते, मग सकाळी फुलं चाळून काढतात. चांगल्या चहासाठी असं अनेक रात्री करतात. म्हणून पुडीत सुकी फुलं भरपूर दिसणं ही दर्जाची खूण नाही. अर्ल ग्रे म्हणजे काळ्या चहाला बर्गमॉट या लिंबाच्या भाईबंदाच्या सालीचं तेल. लापसांग सूचाँग या चिनी काळ्या चहाचा वास पाइनच्या धुराचा. तो थंडीत, संध्याकाळच्या सुरुवातीला चांगला लागतो.

१७. थंड चहा कसा करावा? माझा चहा फ्रिजमध्ये गढूळ होतो.

थंड झाल्यावर कॅफिन आणि काळ्या चहातली रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून बारीक कण बनतात, तोच गढूळपणा. खराब झालेला नसतो, थोडं गरम पाणी घातलं की निवळतो. निलगिरीचा चहा सहसा स्वच्छ राहतो. सोपा मार्ग म्हणजे थंड पाण्यातच पत्ती मुरवणं. एक लिटरला ८ ते १० ग्रॅम, फ्रिजमध्ये ६ ते ८ तास. तुरटपणा कमी, चव गोडसर. कडक उन्हाळ्यात दुपारी हिरवट उलाँग किंवा सेंचा (जपानी ग्रीन टी) असा करून पाहा. काचेची बरणी उन्हात ठेवून चहा करण्याची पद्धत मात्र सोडून द्या. ते कोमट पाणी जंतूंना पोसणारं असतं.

गरम चहावर तेलकट साय धरते तीही बऱ्याचदा जड पाण्यामुळे. लिंबाचे दोन थेंब पडले की ती धरत नाही. लिंबाने काळा चहा फिका पडतो, कारण त्यातली रंगद्रव्यं आम्लात रंग बदलतात. कडकपणा कमी होत नाही.

१८. चहा किती दिवस टिकतो? फ्रिजमध्ये ठेवावा का?

ग्रीन टी उघडल्यापासून काही महिन्यांत संपवा. काळा चहा वर्ष-दोन वर्षं टिकतो. कच्चा पु-एर वर्षांगणिक सुधारतो, त्याला थोडी हवा लागते. बाकी सगळ्यांना हवा, प्रकाश, ओल, उष्णता आणि परका वास चालत नाही. यातला वास लोक विसरतात. एकदा व्हाइट टीची अर्धी पुडी वेलदोड्याच्या डब्याशेजारी राहिली. महिन्याभरात कपातून फक्त वेलदोडा येत होता, कळ्यांचा वास पार गेला होता. फ्रिजमध्ये फक्त न उघडलेली, हवाबंद पुडी ठेवा आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आली की मगच फोडा, नाहीतर पत्तीवर दव धरतं.

१९. गरोदरपणात आणि लहान मुलांना चहा चालतो का?

गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन ही मान्य मर्यादा आहे, सगळे स्रोत धरून (प्रश्न १० मधला हिशेब वापरा). वनस्पतींचे चहा आपोआप सुरक्षित ठरत नाहीत. ज्येष्ठमध या काळात टाळावा आणि इतर काढे डॉक्टरांना विचारून घ्यावेत. मुलांसाठी युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने वजनाच्या किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम हा आकडा दिला आहे. २० किलोच्या मुलाला ६० मिलिग्रॅम, म्हणजे काळ्या चहाचा एक मोठा कप झाला की मर्यादा जवळ आली. माझं मत विचाराल तर मुलांना सवय न लावलेलीच बरी.

२०. औषधं चालू असताना कोणता चहा टाळावा?

थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्या. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनी ग्रीन टीचं प्रमाण अचानक वाढवू नये. नॅडोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम ग्रीन टीने कमी होतो. ज्येष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. उलट अंबाडीचा चहा रक्तदाब थोडा उतरवतो, म्हणून आधीच गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

२१. कढत चहा पिण्यात काही धोका आहे का?

आहे. ६५ अंशांहून जास्त गरम पेयं कायम पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं. प्रश्न चहाचा नाही, तापमानाचा आहे. कपात ओतल्यावर चार-पाच मिनिटं थांबा. चवही तेव्हाच नीट कळते.

२२. ग्रीन टी जितका जास्त तितका चांगला ना?

कपातून घेतलेल्या ग्रीन टीने वजनावर होणारा परिणाम अगदी किरकोळ आहे. धोका अर्काच्या गोळ्यांत आहे. त्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी हे कॅटेचिन गेलं तर यकृतावर ताण येण्याची चिन्हं दिसतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये म्हटलं. चहा प्या, गोळ्या नकोत.

२३. एकच पत्ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत वापरता येते का?

मोठ्या पानाचा उलाँग, व्हाइट टी आणि पु-एर यांच्या बाबतीत येते. सीटीसीचा दाणा पहिल्याच पाण्यात जवळजवळ सगळं देऊन टाकतो, त्याला दुसरं पाणी घालण्यात अर्थ नाही. उलाँगचं कॅफिन पहिल्या दोन-तीन पाण्यांतच बरंचसं उतरतं, त्यामुळे सकाळी सुरू केलेल्या पत्तीचं संध्याकाळचं पाणी तुलनेने हलकं असतं. झोप नाजूक असेल त्यांनाही ते बहुधा सोसतं. दोन पाण्यांच्या मधे पत्ती पूर्ण निथळून ठेवा, भांड्यात पाणी साचू देऊ नका. उन्हाळ्यात दोन-तीन तासांहून जास्त खंड पडणार असेल तर पत्ती झाकून फ्रिजमध्ये ठेवा. रात्री राहिलेली ओली पत्ती सकाळी वापरू नका, कुंडीत टाका.